पोपटाचा उष्टा जांब

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मी अंधश्रद्धाळू नाही! मी बी.एस्सी. आहे, तीही प्राणिशास्त्रात, तीही पहिल्या वर्गात. मांजर आडवं गेलं तर मी त्याला थांबवून दूध घालते. शनिवारी नखं कापते. लिंबू-मिरची टांगलेली दिसली तर मनात पहिला विचार येतो की लिंबू चांगलं होतं, सरबत झालं असतं!

तेव्हा गेल्या कार्तिकातल्या एका रविवारी, घाटंजीच्या अलीकडच्या एका शेतात, तुरीच्या ओळीत उकिडवी बसून, पायाला मुंग्या डसत असताना, एका पोपटाने पेरूला चोच लावावी म्हणून मी श्वास रोखून वाट का बघून राहिले होते, हे जरा सविस्तरच सांगावं लागेल.

आमची लेक समीक्षा. तेव्हा बावीस महिन्यांची. नाव मी ठेवलं होतं. म्हटलं, मुलीला स्वतःची मतं असावीत! मतं आहेत. दूध नको, टोपी नको, हा फ्रॉक नको, हा बाप चालेल, अशी भरपूर आहेत. पण सगळी बोटाने! तोंडातून शब्द म्हणून नाही. फार झालं तर "अं". आणि शेजारच्या प्रेरणाचा मुलगा, समूपेक्षा दीड महिन्याने लहान, एक दिवस ओट्यावर उभा राहून म्हणाला, "ट्रॅक्टर!"

ट्रॅक्टर! दोन-दोन जोडाक्षरं!

मी हसून म्हटलं, "अय्या, किती गोड!" आणि घरात येऊन समूच्या पाठीमागे स्टीलचं ताट आपटलं. ऐकू येतं की नाही ते बघायला. समूने शांतपणे वळून पाहिलं. सासूबाई मात्र देवघरातून समईसकट धावत आल्या.

यवतमाळच्या डॉक्टरांनीही कान तपासले. "उत्तम आहेत," म्हणाले. "काळजी करू नका. मोबाइल दाखवू नका. खूप बोला तिच्याशी, बाहेर फिरवा, झाडं-पाखरं दाखवा, नावं सांगा. दोन वर्षांची झाली की आणा. तोवर नाहीच काही बोलली, तर पुढचं बघू."

आता एवढ्या सगळ्या चांगल्या वाक्यांतून माझ्यासारखी बाई घरी काय घेऊन येईल? "पुढचं बघू"! भाजी निवडताना पुढचं बघू, कपडे वाळत घालताना पुढचं बघू. पुढचं म्हणजे काय, ते विचारायचा धीर मला झाला नव्हता.

सासूबाईंकडे मात्र पुढचं-मागचं सगळं तयार होतं. बाभुळगावात त्यांना सगळे विमलताई म्हणतात, मी आई म्हणते.

"डॉक्टरले काय समजते? राघूचा उष्टा जांब चार पोट्टीले. आठ दिवसात अशी बोलन, का तू कानावर हात ठेवशीन!"

जांब म्हणजे पेरू. आमच्याकडे कुणी पेरू म्हटलं की तो माणूस पुण्याहून आला असं समजतात. आणि पोपटाने टोचलेला जांब खाल्ला की उशिरा बोलणारं लेकरू पोपटासारखं बोलू लागतं, हे आमच्याकडे पहिलीतल्या मुलालाही माहीत असतं.

"आई, उष्टावलेली फळं खाऊ नका म्हणून पेपरात येतं. वटवाघळांपासून केवढे आजार होतात!"

"वाघूळ रातच्यानं येते, राघू दिवसा येते. त्यायच्या पाळ्या लागल्या आहेत. तू कायले मिसळून राह्यली?"

"या घरात उष्टा जांब येणार नाही!" मी जाहीर केलं. नवरा अक्षय जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. तो अशा वेळी वह्या तपासायला घेतो, तशा घेतल्या.

आणि मी माझी योजना मांडली. पक्षी-सहल! दिवाळी आटोपलेली, सोयाबीन निघालेलं, कापूस फुटलेला, तुरीला पिवळी फुलं, आणि हवा तर अशी की पंखा बंद करून माणसं एकमेकांशी प्रेमाने बोलायला लागली होती. अशा दिवसांत समूला मोकळ्या रानात न्यायचं, एका दिवसात पंचवीस पक्षी दाखवायचे, एकेकाचं नाव सावकाश, स्पष्ट सांगायचं. मी यादीच केली. "संध्याकाळपर्यंत ती काऊ म्हणाली नाही, तर नाव बदलून ठेवा माझं!"

"जाऊ ना," आई म्हणाल्या. "घाटंजीकडे देवीलालभाऊची वाडी आहे. तुह्या सासऱ्याचा जुना दोस्त. तथी पाखरंच पाखरं. जांबाचीच वाडी आहे ना थे!"

माझी सासू इतक्या लवकर कशालाही "जाऊ ना" म्हणत नाही. मला शंका यायला हवी होती. पण मी त्या वेळी पिशवीत थर्मामीटर भरून राहिले होते.

रविवारी सकाळी निघालो. बाबांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, कापूस वेचायला बाया यायच्या होत्या, म्हणून ते घरीच राहिले. गाडीत मागे आई, माझ्या मांडीवर समू, पायाशी पिशव्या. उकळलेलं पाणी, दोन टोप्या, डासांचं मलम, पोटाचं औषध, पोटाचं औषध चाललं नाही तर त्याच्यावरचं औषध. अक्षय म्हणाला, "घाटंजीलेच चाललो ना आपण? का हिमालयात?"

यवतमाळ सोडलं आणि काय सांगू, दुतर्फा पांढरं सोनं! आणि तारांवर पाखरं तर माझी यादी वाचून आल्यासारखी बसलेली.

"समू, तो बघ कोतवाल! काळा काळा. को-त-वाल."

समूने कोतवालाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग चपलेचा बंद तोंडात घातला.

"तो नीलकंठ! तो धोबी, बघ शेपूट कशी हलवतो. आणि तो वेडा राघू!"

आई मागून एकदम पुढे झुकल्या. "राघू? कोठी? काय खाते थो?"

"माश्या, आई."

"हात्तिच्या!" त्या मागे टेकल्या. "वेडाच आहे मंग."

अकरा पक्षी झाले. माझा घसा बसला. समू गप्पच.

देवीलालकाकांची वाडी बंजाऱ्यांच्या तांड्याच्या मागे, नाल्याच्या कडेला. साठीचा, काटक माणूस, डोक्याला लाल रुमाल. बरोबर त्यांची बायको सुखीबाईकाकू, बांगड्या कोपरापर्यंत, हसू कानापर्यंत. त्यांनी समूला आल्या आल्या कडेवर घेतलं. "ये छोरी, ये!" आणि आश्चर्य म्हणजे समू गेली!

आणि वाडी? वाडी कसली, किल्ला होता तो! झाडाझाडाला चमकणाऱ्या पट्ट्या. दोरीला डबे. मधोमध सदरा घातलेलं बुजगावणं. आणि एकूण एक जांबाला पिशवी! माझ्या पोरीच्या डोक्यावर टोपी इतकी नीट बसत नाही, इतक्या नीट बसवलेल्या पिशव्या. आणि दर दोन मिनिटांनी देवीलालकाका एक हात कमरेवर ठेवून, दुसरा आभाळाकडे फेकून, छातीतून आवाज काढायचे:

"हाऽऽऽट!"

नाल्यापलीकडच्या बाभळीवरून पोपटांचा थवा उठायचा आणि पुन्हा तिथेच बसायचा.

"दोन महिने झाले," काका अभिमानाने म्हणाले, "वाडीत एक राघू उतरू नाही देला. एकही जांब उष्टा नाही! पैज लावा!"

हे ऐकलं आणि आईंचा चेहरा उतरला. अक्षयचाही उतरला. हे मला विचित्र वाटायला हवं होतं. पण माझं लक्ष नव्हतं, कारण माझा स्वतःचाच उतरला होता.

हो. आता लपवून काय उपयोग? शुक्रवारी प्रेरणाचा मुलगा "ट्रॉली" म्हणाला होता. नुसता ट्रॅक्टर मी पचवला होता, पण त्याला ट्रॉली जोडल्यावर माझा तोल गेला. मग मी शास्त्रीय विचार केला. पोपट दिवसा खातो, बरोबर. आपण स्वतःच्या डोळ्यांनी पोपटच चोच लावताना पाहिला, तर वटवाघळाचा प्रश्न मिटला. चोच लागलेला भाग सुरीने काढून टाकायचा. उरलेला उकळलेल्या पाण्याने धुवायचा, वाफवायचा आणि त्यातला शेंगदाण्याएवढा तुकडा द्यायचा. ही काही अंधश्रद्धा नव्हती! हा प्रयोग होता. घरात कोणाला सांगितला नव्हता, एवढंच.

चहा झाला. समू सुखीबाईकाकूंच्या मांडीवर बसून देवीलालकाकांकडे टक लावून बघत होती. काका ओरडले की ती दचकायची नाही, उलट पुढे सरकायची.

"मी जरा पक्षी बघून येते," म्हणून मी दुर्बीण घेऊन निघाले. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अगदी टोकाला, एका झाडाला पिशव्या नव्हत्या. संपल्या असाव्यात. पिवळेधमक जांब उघडे! मी झाडाच्या बुंध्याशी जाऊन बसले. श्वाससुद्धा हळू घेत होते. आणि बुंध्याच्या पलीकडून कुणीतरी खाकरलं.

आई!

"तुम्ही इथे?"

"मी? मी सावलीले बसली. तू कायले आली?"

"मी... पक्षी बघायला."

"कोणता पक्षी?"

"कोणताही."

वरून एक पान पडलं. दोघींनी एकदम वर पाहिलं, आणि मग एकमेकींकडे. आईंच्या मांडीवर एक धुतलेला पांढरा रुमाल पसरलेला होता, फळ गुंडाळायला आणतात तसा. माझ्या हातात सुरी.

"या घरात उष्टा जांब येनार नाही म्हने," आई म्हणाल्या.

मला हसू यायला हवं होतं. आलं रडू. काय झालं कोण जाणे, त्या निवांत उन्हात, तुरीच्या फुलांच्या वासात, मी सासूच्या पदराला नाक पुसलं. "आई, ती नाहीच बोलली तर?"

आईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "अक्षय सव्वादोन वर्साचा होईस्तोवर हुं की चुं नव्हता. मी वावरात जाऊन रडो, घरी कोनाले दिसू नये म्हनून. मलेही असंच वाटे, माह्यंच काही चुकलं का?"

"मग त्याला दिला होता जांब?"

"देला ना!"

"आणि बोलला?"

"बोलला. पन दोन महिन्यानं. मले वाट्टे, त्याले बोलाचं होतंच, थो कामचुकार आहे." त्यांनी माझे डोळे पुसले. "पन निकिता, त्या दोन महिन्यात मले झोप लागली. जांबाचा गुन मले आला."

आम्ही दोघी बुंध्याच्या एकाच बाजूला सरकून बसलो. आणि तेवढ्यात खरंच, हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठी घातलेला एक पोपट वरच्या फांदीवर उतरला! तो जांबाकडे सरकला. एक पाऊल. दुसरं पाऊल. आईंनी माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. त्याने चोच उघडली...

"हाऽऽऽट!"

देवीलालकाका धावत येत होते, हातात थाळी आणि लाकूड! "बसा सूनबाई, बसा वहिनी, निवांत बसा! पाहुन्याच्या अंगावर पाखरू घान करते म्हंजे काय? मी आहे ना!"

"नाही काका, असू द्या, मला पोपट आवडतात..."

"आवडते कसे? चोर आहेत लेकाचे!" ढण्! ढण्! ढण्! "तुमी पाखरं पाहा, मी त्यायले येऊ देत नाही!"

पाव तास त्यांनी आमच्या डोक्यावर थाळी बडवली. असा पाहुणचार मी आयुष्यात पाहिला नाही. पोपट तर गेलेच, नाल्यातले बगळेही गेले, आणि माझी उरलेली चौदा पाखरं बहुधा तेलंगणात उतरली.

काका दमून पाणी प्यायला वळले, तसा अक्षय आला. चेहऱ्यावर निरागसपणा, म्हणजे काहीतरी केलेलं होतं. त्याने इकडेतिकडे बघून आईंच्या रुमालात एक जांब ठेवला. "आई, घे. राघूचा उष्टा. तिकडे पडला होता."

"माह्या सोन्या!" आईंनी जांब कपाळाला लावला.

"द्या इकडे," मी म्हटलं. प्राणिशास्त्र पहिला वर्ग उगाच मिळत नाही. मी जांब उन्हात धरला. फिरवला. पुन्हा फिरवला. "अक्षय, पोपटाला दात नसतात."

"नसतात का?"

"आणि ह्या पोपटाचा समोरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे."

अक्षयने तोंड मिटलं. लग्न ठरलं तेव्हा तो दात मला फार गोड वाटला होता.

"मी म्हटलं, आईचंही समाधान होईन अन् तुलेही जंतूंची भीती नको," तो पुटपुटला. "धुऊन खाल्ला होता."

"तोंड धुतलं होतं का पन?" आई कडाडल्या. "बापाचा उष्टा खाऊन पोट्टी काय बोलन? वह्या तपासू तपासू म्हनन!"

आणि मग आम्ही तिघेही एकदम बोलायला लागलो. मी म्हणे, माझा प्रयोग बिघडवला. आई म्हणे, कसला प्रयोग? मी सगळी कृती सांगितली. चोच लागलेला भाग कापायचा, धुवायचा, वाफवायचा.

"मंग उरलं काय?" आईंनी विचारलं. "देठ?"

"काय झालं वं?" समूला कडेवर घेऊन सुखीबाईकाकू मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "राघूचा उष्टा जांब पाह्यजे होय? छोरीसाठी? याडी वं, माय! मंग काहून नाही सांगतलं आल्या आल्या?" आणि त्यांनी हाक मारली. "अहो! या इकडे! थाळी ठेवा!"

देवीलालकाका आले. काकूंनी सांगितलं. जमीन दुभंगून तिने मला पोटात घ्यावं असं वाटलं. ज्या माणसाने दोन महिने जेवण-झोप सोडून एक फळ उष्टं होऊ दिलं नाही, त्याच्या बागेत आम्ही उष्टं फळ मागायला आलो होतो! लग्नघरी जाऊन नवरी पळून गेली का असं विचारण्यासारखं!

काकांनी एकदा वाडीकडे पाहिलं. एकदा बाभळीवरच्या पोपटांकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण दोन देशांच्या सीमेवर असतं ते होतं. मग त्यांनी समूकडे पाहिलं. समूने त्यांचा रुमाल ओढला.

"पोरीसाठी आहे ना?" काका म्हणाले. "मंग झालं. आज राघू आपला पाहुना."

त्यांनी थाळी उपडी ठेवली. दोरीवरचे डबे उतरवले. चमकत्या पट्ट्या स्वतःच्या हाताने गुंडाळल्या. बुजगावण्याला उपटून, आदराने, धुऱ्यावर आडवं झोपवलं. आणि झाडं धुंडाळू लागले. "हा नाही, कच्चा आहे. हा नाही, लहान आहे. पोरीच्या तोंडात जायचा, कसाही चालन का?" शेवटी वाडीतला सगळ्यात देखणा, टेनिसच्या चेंडूएवढा जांब निवडला आणि त्याची पिशवी सोडली. मग हात जोडून बाभळीकडे बघत म्हणाले, "या बाप्पा. या आता."

पोपट हलले नाहीत! आणि का हलतील? दोन महिने दगड मारणारा माणूस एक दिवस अचानक हात जोडतो, तेव्हा कोण विश्वास ठेवेल? निवडणुकीत आपणही ठेवत नाही!

"आपन दिसतो त्यायले," काकू म्हणाल्या. "लपा!"

आणि अशा रीतीने, माणसं मोठी पाच, शिक्षण एकूण बी.एस्सी., डी.एड. आणि आईंची सातवी धरून, सगळी शेजारच्या तुरीत उकिडवी बसली. समू माझ्या मांडीवर. हुकूम काकांचा: कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही.

पाच मिनिटं गेली. थव्यातला एक पोपट उठून आमच्या बाजूच्या कडुलिंबावर आला. मान वाकडी करून जांब बघू लागला. आणि अक्षयचा फोन वाजला!

"बाबांचा आहे," तो कुजबुजला. "कापसाच्या बाया आल्या नाहीत म्हणतात..."

"त्यायले म्हन, तुमीच येचा!" आई दातांतून म्हणाल्या. पोपट बाभळीवर परत.

पुन्हा शांतता. पुन्हा लिंब. मग तुरीची फुलं अक्षयच्या नाकात गेली. त्याने शिंक दाबली. दाबलेली शिंक उघड्या शिंकेपेक्षा मोठी असते, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. पोपट बाभळीवर परत.

मला मुंग्या चावत होत्या. आईंचे गुडघे वाजत होते. पण कोणी उठत नव्हतं. मी सगळ्यांकडे पाहिलं. माझी गुडघेदुखीची सासू, माझा खोटारडा नवरा, आणि सकाळपर्यंत मला ओळखतही नव्हती अशी ही दोन माणसं, जीव मुठीत धरून, माझ्या पोरीच्या एका शब्दासाठी मातीत बसली होती. मनात म्हटलं, पोपटा, ये बाबा. वाफवणार नाही. धुणारही नाही. जसा देशील तसा देईन!

आणि तो आला! थेट लिंबावरून, एक हिरवी रेघ ओढत, जांबाच्या फांदीवर! फांदी झुकली. जांब डोलला. तो खाली सरकला. जांब आणि चोच यांच्यात चार बोटं अंतर उरलं. तीन बोटं.

शेजारी कसलीशी खळबळ झाली. देवीलालकाका! सवय हो सवय! पोपट फळाशी आलेला पाहून त्यांचा एक हात आपोआप कमरेवर गेला, दुसरा आभाळाकडे निघाला, छाती भरली, तोंड उघडलं, "हा..." आणि सुखीबाईकाकूंनी सगळ्या बांगड्यांसकट हात त्यांच्या तोंडावर दाबला! पुढचं अक्षर आत राहिलं. काकांचे डोळे बाहेर आले. पण पोपट उडाला नाही. दोन बोटं. एक बोट...

समू माझ्या मांडीवरून उठली.

तिने काकांकडे पाहिलं. पोपटाकडे पाहिलं. पुन्हा काकांकडे पाहिलं. सकाळपासून हा माणूस एवढं एकच काम करतो आहे, आणि नेमक्या वेळी गप्प का बसला, हे तिला कळेना. मग तिने एक हात कमरेवर ठेवला, दुसरा आभाळाकडे फेकला आणि आख्ख्या शिवारात ऐकू जाईल असा आवाज काढला:

"हाऽऽऽट!"

पोपट गेला. लिंबावरचे गेले, बाभळीवरचा थवा गेला, जांब तसाच कोरा डोलत राहिला.

मग आई किंचाळल्या, "बोलली! माय वं, बोलली!" अक्षय तुरीतून असा उठला की दोन झाडं आडवी झाली. मी समूला छातीशी धरलं आणि हसत, रडत, मुंग्या झटकत तिथेच फतकल मारली. काकूंनी नवऱ्याच्या तोंडावरचा हात काढला, तर काका म्हणाले, "काय आवाज आहे! माह्या स्वतःच्या पोरायले असा जमला नाही!"

अक्षयने फोन पुढे धरला. "पुन्हा म्हण, समू! हाट म्हण, हाट!"

समू गप्प.

"हाट!" आई म्हणाल्या. "हाऽऽट," मी म्हटलं. "असं नाही, छातीतून," काका म्हणाले आणि करून दाखवलं. पाच मोठी माणसं त्या पोरीभोवती गोल उभी राहून, कमरेवर हात ठेवून, अर्धा तास हाट हाट ओरडत होती. समूने आमच्याकडे जत्रेत माकडांकडे बघतात तसं पाहिलं आणि तो कोरा जांब मागितला. बोटाने!

निघताना काका हात जोडून म्हणाले, "सूनबाई, एक विनंती आहे. हंगाम संपेस्तोवर पोरीले अथीच राहू द्या ना!"

परतीच्या वाटेवर गाडीत वाद पेटला. मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले होते बाहेर न्या, म्हणून बोलली. अक्षय म्हणाला, घराण्यातच उशीर आहे, वेळ झाली म्हणून बोलली. आई म्हणाल्या, "जांबाचाच गुन!"

"अहो आई, खाल्ला कुठे उष्टा? पोपटाची चोचही लागली नाही!"

"नजर तं लागली ना राघूची! एक बोट राह्यलं होतं. लेकरू हलकं आहे, तेवढ्यानं भागलं."

ऊन उतरत होतं. तारांवर पुन्हा पाखरं येऊन बसली होती, पण मला यादी काढावीशी वाटली नाही. समू माझ्या खांद्यावर पेंगत होती. डोळे मिटत आलेले, गालाला जांबाची एक बी चिकटलेली. मी म्हटलं, आता कुलूप उघडलंच आहे, तर हळूच आणखी एक शब्द काढून घ्यावा. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि माझ्या आवाजात होती नव्हती तेवढी माया गोळा करून म्हटलं, "समू, आई म्हण. आऽऽई."

समूने एक डोळा उघडला. छोटासा चिकट पंजा माझ्या तोंडावर ठेवला.

"हाट."

मी बाहेर बघत डोळे पुसले. नाही, अपमानाने नाही! तुम्ही ऐकायला हवं होतं. 'ट' किती स्पष्ट होता!